लाकडी मासा

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत, भोर आणि वेल्हे हे दोन मुलूख एकमेकांना बिलगून बसले आहेत. राजगड आणि तोरणा हे शिवकालाचे दोन साक्षीदार येथेच उभे आहेत. मृगाचा पाऊस सुरू झाला, की या गडांच्या अंगाखांद्यांवरून असंख्य ओहोळ खाली धावू लागतात. त्यांतले पुष्कळसे गुंजवणीला मिळतात, आणि गुंजवणी पुढे नीरेला मिळते. पलीकडे वेळवंडीचे पाणी भाटघरच्या प्रचंड धरणाने अडविले आहे. त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव दिलेले आहे. नीरा भीमेला आणि भीमा कृष्णेला जाऊन मिळते. जेथे एवढे पाणी तेथे मासा असणारच. आणि जेथे मासा, तेथे काठावर गळ टाकून तासन् तास बसणारा एखादा मुलगाही असायचाच!

गळाला गांडूळ लावावे किंवा कणकेची गोळी लावावी, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु मासे धरण्याची आणखी एक मोठी मौजेची तऱ्हा आहे. तीत खरे आमिष मुळीच नसते. लाकडाचा एक लहानसा मासा तासून, रंगवून, त्याला गळ अडकवतात आणि तो दोरीने पाण्यातून ओढतात. मोठा मासा त्यालाच खरी मासळी समजून झडप घालतो. असा मासा दुकानात विकत मिळतो हे खरे. पण जो आपल्या हाताने तो घडवतो, त्याला जे मिळते ते दुकानात मिळत नाही.

समजा, वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीतल्या एका मुलाने असा मासा करण्याचे मनात घेतले. त्याचे आजोबा सुताराचे काम करीत आले आहेत, असेही समजू. मुलगा त्यांना आबा म्हणतो. आबांच्या पडवीत लाकडाच्या तुकड्यांना तोटा नाही. मुलगा उत्साहाने सागाचा एक तुकडा उचलतो. आबा हसून म्हणतात, "अरे, सागाचं दार करावं, मासा करू नये. माशाला हलकं लाकूड पाहिजे. तो पांगाऱ्याचा तुकडा घे." पांगाऱ्याचे लाकूड मऊ आणि हलके असते. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. तेथील कारागीरही खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरीत आले आहेत. चाकू त्यात सहज चालतो आणि पाण्यावर ते छान तरंगते.

पण लाकडाच्या तुकड्याला मासा का फसावा? या प्रश्नाचे उत्तर फार दूरच्या एका देशातल्या कोळ्याने शोधून काढले. युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा सरोवरांचा देश आहे. तेथे लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. नाव वल्हवताना तो पाण्यात टक लावून पाहत असे. त्याच्या ध्यानात आले, की मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर धावून जातो तेव्हा वाटेल त्या माशाला धरीत नाही. जो मासा थोडा दुखावलेला असतो, जो इतरांसारखा सरळ न पोहता किंचित लडखडत पोहतो, नेमका तोच तो उचलतो. मग 1936 साली रापालाने बुचाच्या लाकडातून एक मासा कोरला. हत्यार होते चांभाराची रापी. चकाकी आणण्यासाठी त्याने चॉकलेटवरचा चंदेरी कागद गुंडाळला. आणि वर पाणी लागू नये म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिल्मी वितळवून त्यांचा थर दिला. तो मासा पाण्यात लडखडत पोहला! पुढे त्याचे माशांचे आमिष जगभर गेले. त्याच्याजवळ पैसा नव्हता, कारखाना नव्हता. होती ती केवळ पाहण्याची सवय.

आबांच्या पडवीतला मासाही असाच आकार घेतो. मुलगा टोकाकडून टोकाकडे लाकूड तासतो, काचकागदाने गुळगुळीत करतो. तोंडाखाली पत्र्याची एक लहानशी जीभ बसवावी लागते. दोरी ओढली, की पाणी त्या जिभेवर आदळते, मासा खाली बुडी घेतो आणि डावी-उजवीकडे हेलकावे खातो. पोटात पितळेचा एक स्क्रू बसवून थोडे वजन दिले, म्हणजे तो पाठीवर उलटत नाही. एवढे झाले, की पाण्यात टाकून त्याची चाल पाहायची. ती जमली, की मग रंगाची पाळी.

येथे मुलापुढे खरी अडचण उभी राहते. एक मासा हाताने रंगवणे कठीण नाही. परंतु गळाचे मासे खडकात अडकतात, तुटतात, हरवतात. म्हणून एकदम आठ-दहा करून ठेवावे लागतात. पहिल्या माशाचे पट्टे सुरेख उतरले, तर दुसऱ्याचे वाकडे होतात. एका बाजूचा ठिपका वर, तर दुसऱ्या बाजूचा खाली! तेव्हा आबा त्याला एक युक्ती सांगतात. "तुझी आई दिवाळीत अंगणात रांगोळीचे छाप उठवते, ते पाहिलेस ना? पत्र्याला भोकं असतात; वर रांगोळी पसरली, की खाली कमळ उमटतं. तसा माशाचा छाप कर."

अशा छापाला चित्रकार 'स्टेन्सिल' म्हणतात. कागदातून किंवा पत्र्यातून आकृती कापून काढायची, तो कागद वस्तूवर ठेवायचा आणि वरून रंग द्यायचा. जेथे कापलेले असते तेथे रंग पोचतो, बाकीचा भाग झाकलेला राहतो. माणसाची ही युक्ती अतिशय प्राचीन आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील गुहांत माणसांनी भिंतीवर हात टेकवून भोवती रंग उडविलेला आढळतो. हात बाजूला घेतला, की त्याची मोकळी आकृती मागे राहिली! त्यांतील काही आकृत्या 40 हजार वर्षांच्याही आधीच्या आहेत. तेथे माणसाचा हात हाच छाप होता.

छाप कापणे दिसते तेवढे सोपे मात्र नाही. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने जाड कागदावर 'व' हे अक्षर काढावे आणि ते कापून पाहावे. अक्षराच्या पोटातला गोल तुकडा टपकन खाली पडेल आणि 'व'च्या जागी नुसते भोक उरेल. तो तुकडा जागच्या जागी राहावा म्हणून त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणारी एक बारीक पट्टी न कापता ठेवावी लागते. हा एक लहानसा पूलच म्हणायचा. डब्यांवर आणि खोक्यांवर रंगाने उठविलेली अक्षरे मधेच तुटलेली का दिसतात, याचे कारण हा पूल होय. जपानात कापड रंगवण्यासाठी कागदाचे अतिशय नाजूक छाप करीत. कागद टिकावा म्हणून त्याला एका फळाचा तुरट रस पाजीत, आणि नक्षीतले सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून रेशमाचे धागे लावून ते बांधून ठेवीत. छाप करणाऱ्याला दोन गोष्टी एकदमच ठरवाव्या लागतात : काय कापावयाचे आणि काय राखावयाचे.

आपल्या मुलाने हे सारे ऐकले आणि तो छाप कापायला बसला. माशाचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे तयारच होते. ओढ्यातली चंदेरी मासळी त्याने शेकडो वेळा पाहिली होती! त्याने अंगाच्या मधोमध एक काळा ठिपका काढला, पाठीवर चार पट्टे काढले, कल्ला काढला आणि झरझर कापून छाप आबांपुढे धरला.

आबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा कुठला मासा?" त्यांनी विचारले.

"आपल्या ओढ्यातला, आबा."

"आपल्या ओढ्यातल्या माशाचा ठिपका पोटावर असतो, का शेपटीच्या मुळाशी?"

मुलगा गप्प झाला. त्याला सांगता येईना. मासा त्याने शेकडो वेळा पाहिला होता, पण ठिपका कोठे आहे हे एकदाही पाहिले नव्हते!

दुसऱ्या दिवशी तो ओढ्याकाठी गेला, तो गळ न घेता. काचेची एक रुंद बरणी त्याने पाण्याने भरली, फडक्याने दोन-तीन लहान मासे अलगद धरून तीत सोडले आणि तो त्यांच्याकडे पाहत बसला. ठिपका शेपटीच्या मुळाशीच होता. पाठीवर पट्टे नव्हते. होता तो एक हिरवट, काळसर रंग, आणि तो खाली येता येता फिका होत पोटाशी अगदी पांढरा झाला होता. प्रत्येक खवल्याची कड किंचित गडद होती. डोळ्याभोवती एक बारीक सोनेरी कडे होते. तास-दीड तास गेला तेव्हा त्याने मासे पुन्हा पाण्यात सोडले आणि तो घरी परतला. त्याच्या वहीत आता एक नवे चित्र होते, आणि त्या चित्रातली एकही रेघ अंदाजाने काढलेली नव्हती.

माशाची पाठ काळी आणि पोट पांढरे का, हेही समजून घेण्याजोगे आहे. वरून घिरट्या घालणाऱ्या खंड्याला खालच्या डोहाच्या काळोखात काळी पाठ दिसत नाही. खालून येणाऱ्या मोठ्या माशाला वरच्या उजळ पाण्यात पांढरे पोट दिसत नाही. शिवाय उजेड वरून पडतो आणि सावली खाली पडते. गडद पाठ आणि फिके पोट यांमुळे ती सावली जणू पुसली जाते आणि अंगाचा गोलवा लपतो. ही गोष्ट नीट उलगडून सांगणारा माणूस अमेरिकेतला एक चित्रकार होता. ॲबट थेअर हे त्याचे नाव. 1896 साली त्याने ती मांडली. रंग आणि छाया यांचा विचार करणे हेच ज्याचे काम, त्याच्याच नजरेला ती आधी दिसावी यात नवल नाही.

आता छाप पुन्हा कापायचा. साधा कागद दोन वेळा रंग लागला, की ओला होऊन फाटतो. म्हणून जुन्या पोस्टकार्डाला मेण चोळावे, किंवा घरात पडून असलेली क्ष-किरण चित्राची जुनी फिल्म घ्यावी. धारदार पाते मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच चालवावे आणि पात्यापेक्षा फिल्म फिरवावी, म्हणजे वळणे सुबक येतात. लाकडी मासा सपाट नसतो, फुगीर असतो. सपाट कागद त्यावर सगळीकडे नीट टेकत नाही. पृथ्वीच्या गोलावर सपाट नकाशा चिकटवू पाहणाऱ्यालाही हीच अडचण येईल! म्हणून संपूर्ण माशाचा एकच मोठा छाप न करता पाठीचा एक, कल्ल्याचा एक, ठिपक्याचा एक असे लहान लहान छाप करावेत. डाव्या बाजूचा छाप पुसून उलटा केला, की तोच उजव्या बाजूला चालतो. मग दोन्ही अंगांचे ठिपके अगदी समोरासमोर येतात.

खवल्यांसाठी आबांनी जुन्या मच्छरदाणीचा एक तुकडा काढून दिला. मुलाने माशाला चंदेरी रंग दिला, वर जाळी ताणून बसवली आणि काळसर रंग उडवला. जाळी काढून पाहतो तो काय? खवले काळे आणि त्यांच्या कडा चंदेरी! खऱ्या माशाचे अगदी उलटे झाले होते. जाळीचा धागा जेथे असतो तेथे खालचा रंग झाकून राहतो, ही गोष्ट त्याने विचारात घेतली नव्हती. त्याने क्रम बदलला. आधी काळसर रंग दिला, तो पूर्ण वाळू दिला, मग जाळी ताणून वरून चंदेरी रंग दिला. आता खवले चकाकू लागले आणि त्यांच्या कडा गडद राहिल्या. छापाच्या कामात कोणता रंग आधी आणि कोणता नंतर, यावरच सारे काही अवलंबून असते.

रंग पातळ असला, तर तो छापाच्या कडेखाली शिरतो आणि रेघ फिसकटते. म्हणून तो दाट ठेवावा, कुंचला जवळजवळ कोरडा करून घ्यावा आणि फराटे न ओढता नुसते टोचत जावे. दात घासण्याच्या जुन्या ब्रशावर रंग घेऊन तो कंगव्यावर घासला, तर रंगाचे बारीक तुषार उडतात. शाळेत पानांची तुषारचित्रे काढताना हाच प्रकार करतात. पाठ काळी करताना छाप अंगाला घट्ट न टेकवता किंचित वर धरला, तर कड धूसर होते आणि पाठीचा रंग हळूहळू पोटाच्या रंगात मिसळून जातो. अखेर साऱ्यावर रोगणाचे दोन हात दिले, की पाणी आत शिरत नाही.

दहाही मासे रांगेने वाळत ठेवले. सगळे अगदी सारखे होते. कोणालाच अजून डोळा नव्हता. मुलाने डोळ्याचाही छाप कापायला घेतला, तेव्हा आबांनी त्याचा हात धरला. "डोळा हातानं काढ," ते म्हणाले. कोकणात पेणचे मूर्तिकार गणपतीची मूर्ती साच्यातून काढतात. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. परंतु डोळ्यांची आखणी मात्र कसलेला कारागीर प्रत्येक मूर्तीवर स्वतःच्या हाताने करतो, आणि त्या क्षणी मूर्ती पाहू लागते. मुलानेही बारीक कुंचल्याने एकेक डोळा काढला. एकाचा डोळा थोडा मोठा झाला, एकाचा थोडा खाली आला. पण त्यामुळेच दहा मासे दहा निराळे मासे झाले. साचा हाताचे श्रम वाचवतो; हाताची जागा घेत नाही.

हळूहळू मुलाजवळ पुष्कळ छाप साठले. एका जुन्या वहीत तो ते जपून ठेवी आणि प्रत्येकावर माशाचे नाव लिही. नावे आबा सांगत. दगडाला तोंडाने चिकटून राहणारा तो मळ्या; मोठ्या खवल्यांचा, डोहातला राजा तो महाशीर. माणसांनी पाण्याकाठी ठेवलेल्या या नावांना एक थोर इतिहास आहे. विल्यम साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी सुमारे 200 वर्षांपूर्वी दख्खनची माहिती गोळा करीत हिंडत होता. येथील नद्यांतल्या माशांचे वर्णन त्याने 1839 साली प्रसिद्ध केले. त्यांत पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महाशीरही होता. नवे शास्त्रीय नाव देताना साइक्सने पुष्कळ ठिकाणी कोळ्यांच्या तोंडचीच मराठी नावे उचलली. म्हणून आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ या महाशीराला 'टॉर खुद्री' म्हणतो आणि मळ्याला 'गारा मुल्या' म्हणतो. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा कोळ्यांचे शब्द त्या लॅटिन नावांत अजून जिवंत आहेत.

एके दिवशी आबांनी आठवणीने एक मासा सांगितला आणि मुलाने तो कापला. "हा कुठं दिसेल?" मुलाने विचारले. आबा थोडा वेळ थांबले. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा पुलाखालच्या डोहात दिसायचा," ते म्हणाले. मुलगा डोहावर गेला, दुसऱ्या दिवशीही गेला. बरणी घेऊन तो कितीतरी वेळ बसला, पण तो मासा काही त्याला दिसला नाही. त्या संध्याकाळी त्याने तो छाप रंगासाठी वापरला नाही. वहीत निराळा ठेवला, खाली नाव लिहिले आणि त्यापुढे डोहाचेही नाव लिहिले.

नदीतील मासा आपोआप टिकत नाही. माणसाने मनावर घेतले तरच तो टिकतो. सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूला, काळ नदीवर वाळणकोंड नावाचा एक डोह आहे. तेथील मासे देवीचे मानतात. लोक त्यांना खाऊ घालतात, पण धरीत नाहीत. आणि म्हणून तेथे मोठमोठे महाशीर निर्भयपणे फिरतात. लोणावळ्याला टाटांच्या तलावांपाशी 1970 च्या दशकापासून महाशीराची अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम झाले आणि ती पिले अनेक जलाशयांत सोडण्यात आली. एका ठिकाणी श्रद्धेने मासा राखला, दुसऱ्या ठिकाणी शास्त्राने.

गळ टाकणाऱ्या मुलालाही आपल्यापुरते पुष्कळ करता येते. तलावातील मासेमारीचा हक्क बहुधा कोळी बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारल्यावाचून गळ टाकू नये. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे तो माशाच्या तोंडातून सहज निघतो. लहान मासा आणि अंड्यांनी भरलेली मादी ओल्या हाताने धरून परत पाण्यात सोडावी. गांडूळ गिळले जाते, तेव्हा गळ पुष्कळदा पोटात उतरतो; लाकडी मासा बहुधा ओठातच अडकतो. म्हणून त्याने धरलेला मासा जिवंत सोडता येतो, ही या लाकडी माशाची एक मोठी खूण आहे.

माशाला फसवण्यासाठी केलेली ही वस्तू माणसाला मात्र फसवू देत नाही. ठिपका कोठे आहे, पाठ कशी आहे, कड गडद आहे की उजळ, हे ज्याने पाहिले नाही त्याचा छाप खोटा ठरतो, आणि तो खोटेपणा रंगाने झाकत नाही. त्या मुलाच्या वहीत अजून कितीतरी कोरी पाने आहेत. ओढ्यात ज्यांचे ठिपके त्याने अजून मोजलेले नाहीत, असे मासेही कितीतरी असतील. त्यांचे छाप त्याला पाण्याकडे पाहून कापता यावेत, केवळ आबांच्या आठवणीवरून कापावे लागू नयेत.